जुन्या सँट्रोला इरिडियम प्लग टाकू का? आधी वायरी मोजा, मग बोलू

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही अंदाज येईल. २००४ची सँट्रो झिंग, एमएच-०४ पासिंग, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. खारेगावहून रोज तळोज्याला जाता, मुंब्रा बायपासच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटके मारते, पेट्रोलवर टाकली की बऱ्यापैकी सरळ चालते, आणि पाऊस सुरू झाल्यापासून त्रास वाढलाय. एका मेकॅनिकने इरिडियम प्लग टाका म्हणून सांगितलं, दुकानदाराने लाल रंगाच्या जाड 'रेसिंग' वायरी पुढे केल्या. मॅन्युअलमध्ये प्लगचा नंबर बीकेआर५ईएस-११ आहे, पण गाडीतून निघाले त्यावर बीकेआर६ई छापलंय. आता नक्की काय घ्यायचं?

उत्तर आधी सांगून टाकतो, कारण खाली लिहिताना मी वाहवत जाणार हे मला माहितीये. मॅन्युअलच्या नंबरचे साधे प्लग घ्या, सिलिकॉनचा चांगल्या कंपनीचा रेझिस्टन्सवाला वायर सेट घ्या, सीएनजीसाठी गॅप (प्लगचं मधलं टोक आणि त्यावर वाकलेली पट्टी यांच्यातलं अंतर) थोडा कमी करा, आणि इरिडियमचे जे पैसे काढून ठेवलेत ते वायरींवर घाला. तुमच्या लक्षणांत वायरींवर संशय जास्त आहे, प्लगवर कमी.

का ते सांगतो. ठिणगी हवेत उडवायला लागतं त्यापेक्षा सिलेंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जितका ॲक्सिलरेटर दाबाल तितकं सिलेंडरमध्ये जास्त मिश्रण शिरतं, दाब वाढतो, व्होल्टेजची मागणी वाढते. म्हणून सिग्नलला उभी असताना गाडी एकदम गप्प, आणि चढाला बरोबर नाटकं. त्यात सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे इग्निशनमध्ये कुठेही थोडी कमजोरी असली की ती आधी सीएनजीवर, तीही चढाला दिसते, आणि पेट्रोलवर लपून जाते. ठिणगीचं व्होल्टेज बनवणारी कॉइल वीस-पंचवीस हजार व्होल्ट तयार करते, पण हा करंट लई आळशी असतो, त्याला प्लगच्या गॅपमधून उडी मारायची नसते, जवळचा सोपा रस्ता मिळाला की तो तिकडून पळतो. वायरीला बारीक चीर असेल, रबरी टोपी कडक झाली असेल, वर पावसाची ओल असेल, की ठिणगी बाहेरच्या बाहेर इंजिनच्या बॉडीवर जाते आणि आत सिलेंडर कोराच राहतो.

आता हे घरच्या घरी बघायचं कसं. रात्री, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिथे अंधार असेल तिथे, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि फुलझाडांवर मारायच्या स्प्रेने वायरींवर आणि कॉइलपॅकवर (वायरी जिथून निघतात तो कॉइलचा डबा) पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. ओतायचं नाही, फक्त दमट करायचं. वायर गेलेली असेल तर बारीक निळ्या रेषा नाचताना दिसतील, टिक टिक आवाज येईल, इंजिन लगेच अडखळेल. हात मात्र लांब ठेवा, सैल बाह्या किंवा ओढणी पंख्याजवळ नको. हे करून बघाल तेव्हा खर्च कुठे करायचा ते तुम्हालाच कळेल.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, चालू इंजिनमध्ये प्लगची वायर उपटून 'कुठला सिलेंडर मेलाय' हे बघायची जुनी सवय फियाट-ॲम्बॅसडरच्या काळात ठीक होती, एमपीएफआय गाडीला, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीला नको. वायर उघडी राहिली की कॉइलचं व्होल्टेज कुठेच मोकळं होत नाही आणि कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून निघतं, शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून बाद होतो. गाडी पेट्रोलवर ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा, ज्याचा काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलेंडर आधीपासून झोपलेला.

तुम्ही पाठवलेल्या इंजिनच्या फोटोत डिस्ट्रिब्यूटर (एकाच कॉइलची ठिणगी चार वायरींत वाटणारा जुना भाग) नाहीये, कॉइलपॅक आहे, चार वायरी थेट त्यातून निघतात. यात एका कॉइलवर १ आणि ४ नंबरचे सिलेंडर, दुसरीवर २ आणि ३. जोडीतल्या दोन्ही प्लगमध्ये एकाच वेळी ठिणगी पडते, एक कामाची आणि एक एक्झॉस्टमध्ये, म्हणजे जळलेला गॅस बाहेर जाताना, फुकट. करंट एका वायरीतून जातो, इंजिनच्या हेडमधून फिरतो आणि दुसऱ्या प्लग-वायरीतून परत येतो. म्हणजे एक वायर तुटली की जोडीदारही लंगडू शकतो. १ आणि ४ दोन्ही मिसिंग मारतायत म्हटल्यावर मेकॅनिक लगेच 'कॉइल गेली' म्हणतो आणि महागाची कॉइल गळ्यात पडते. कॉइल बदलायच्या आधी चारही वायरी मोजा.

मोजायचं म्हणजे साधा मल्टिमीटर, ओहमवर, एक टोक वायरीच्या या टोपीत, दुसरं त्या टोपीत. कार्बन कोअरच्या वायरीचा रेझिस्टन्स साधारण एका मीटरला दहा ते वीस किलोओहमच्या घरात असतो, लांब वायरीचा जास्त, आखूडचा कमी. आकड्यापेक्षा चार वायरींची एकमेकींशी तुलना जास्त बोलते. तीन वायरी लांबीच्या हिशोबात आणि चौथी दुप्पट-तिप्पट, म्हणजे चौथी गेली. मोजताना वायर हलवा, वाकवा, टोपीजवळ पिळा, आकडा उड्या मारायला लागला तर आतला कार्बनचा धागा तुटलाय, हाच धागा घरी टेबलावर ठीक दाखवतो आणि इंजिनच्या थरथरीत सुटतो. पण मीटरमध्ये सगळं ठीक आलं म्हणून वायर चांगली असं नाही बरं का, मीटर अगदी कमी व्होल्टवर मोजतो, इन्सुलेशनची चीर त्याला दिसत नाही. त्यासाठीच तो रात्रीचा फवारा.

टोप्यांच्या आत टॉर्च मारून बघा. खाडीकाठच्या हवेत, म्हणजे कळवा-ऐरोलीपासून पार बेलापूर-उरणपर्यंत, टर्मिनलवर हिरवी-पांढरी पूड धरते, मी रोज बघतो. आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी उभी बारीक काळी रेघ दिसली की तपास संपला. ठिणगी आत न जाता बाहेरून त्या रेघेवरून पळत होती. ही रेघ पुसून जात नाही, भाजलेली असते. टोपीच्या आतल्या भिंतीवरही बरोबर तशीच रेघ सापडेल. आणि म्हणूनच नुसते प्लग बदलून दोन-तीन आठवड्यांत परत झटके सुरू होतात, कारण नव्या प्लगवर जुनी टोपी पुन्हा तीच रेघ पाडते. लोक म्हणतात प्लग डुप्लिकेट निघाले. प्लग बिचारे चांगले असतात. आता याच्या उलट, जिथे लोखंडी षटकोन आणि चिनी माती मिळते तिथे तपकिरी रंगाची आडवी रिंग दिसली तर घाबरू नका, तिथून गॅस लीक होत नाही, हाय व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, ते नॉर्मल आहे. या रिंगेच्या नावाखाली किती चांगले प्लग कचऱ्यात जातात त्याला गणती नाही.

आता नंबरचं. बीकेआर म्हणजे १४ मिमी आट्यांचा, १६ मिमी पान्याचा, नाक पुढे आलेला, आत रेझिस्टर असलेला प्लग. ५ हा हीट नंबर, म्हणजे प्लग गरम राहतो की थंड याचा आकडा, ई म्हणजे १९ मिमी लांब आटे, शेवटचं ११ म्हणजे १.१ मिमी गॅप. एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा तसा प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा तसा गरम. दुकानदार 'पाचच्या जागी बॉशचा पाच' देतो तेव्हा इथेच घोळ होतो. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर त्या कंपनीच्या तक्त्यातून घ्यायचा, आकड्यावरून नाही.

तुमच्या गाडीत सहा नंबर कोणी टाकला असेल? बहुतेक किट बसवणाऱ्याने. सीएनजीला एक नंबर थंड प्लग टाकायची पद्धत आहे, त्यात तथ्य नाही असं नाही, सतत हायवेला फुल लोडवर पळणाऱ्या टॅक्सीला चालतं. पण थंड प्लगचं नाक लवकर तापत नाही आणि पुरेसं तापलं नाही तर त्यावरचा कार्बन जळून साफ होत नाही. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंडवर रांगणारी गाडी, सकाळी पेट्रोलवर स्टार्ट, अशा वापरात प्लग हळूहळू काळा पडत जातो आणि कार्बनवरून करंट गळतो. तुमच्या वापराला कंपनीचा पाचच बरा. सहाने इंजिन बिघडलं असेल अशी भीती मात्र नको, थंड प्लग इंजिनला मारत नाही, नको तितका गरम प्लग मारतो, पिस्टनला भोक पाडेपर्यंत.

निघालेले प्लग फेकू नका, कुठल्या सिलेंडरचा कुठला ते लिहून ओळीने मांडून ठेवा. फिकट तपकिरी किंवा करडा रंग म्हणजे सगळं ठीक. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा प्लग पेट्रोलपेक्षा पांढरट दिसतो, तेवढ्यावरून 'गाडी लीन चालतेय', म्हणजे इंधन कमी पडतंय, म्हणून किट ट्यूनिंगवाल्याकडे पळू नका. पांढऱ्यावर फोड किंवा चकाकणारे बारीक मणी दिसले तर मात्र पळा. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जाड (इंधन जास्त, हवा कमी) किंवा ठिणगी कमजोर. ओला, तेलकट, त्यातही चारपैकी एकच असा, तर ते प्लगचं काम नाही, पिस्टन रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील, आणि वीस वर्षांच्या गाडीत ते अपेक्षितच धरायचं.

इरिडियमबद्दल माझं मत थोडं कडक आहे. धातू चांगलाच आहे, २४०० अंशाच्या वर वितळतो, म्हणून टोक ०.४ किंवा ०.६ मिमी इतकं बारीक ठेवता येतं आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. फायदा खरा आहे, खोटं बोलत नाही. पण वर सांगितलं तसं तुमच्या कॉइलच्या जोडीत एका प्लगमध्ये करंट मधल्या टोकाकडून बाहेरच्या पट्टीकडे आणि दुसऱ्यात पट्टीकडून मधल्या टोकाकडे असा उलटा वाहतो. उलट्या प्लगमध्ये झीज बाहेरच्या पट्टीची होते, आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच इरिडियम प्लगची ही पट्टी साधी निकेलचीच असते. म्हणजे चारपैकी दोन प्लगमध्ये महागाचं टोक तसंच राहतं आणि गॅप वाढतच जातो. अशा कॉइलच्या गाड्यांना कंपन्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनम असलेले प्लग देतात ते यासाठीच. एका इरिडियमच्या पैशात साधे तीन-चार येतात, साधे लावा आणि वेळेवर बदला. तीन-चार पट्ट्यांचे प्लग घेऊन चारपट ठिणगी मिळते असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, एका वेळी ठिणगी एकाच पट्टीवर पडते.

आता त्या लाल वायरी. जाडी म्हणजे फक्त बाहेरचं रबर. ८ मिमीच्या वायरीने पिकअप वाढत नाही, इन्सुलेशन जाड मिळतं एवढंच, आणि ती कंपनीच्या क्लिपात बसत नाही मग मेकॅनिक टाय मारून एका गठ्ठ्यात बांधतो, ज्यातून एका वायरीचा करंट शेजारच्या वायरीत उतरायला लागतो. खरा प्रश्न आत काय आहे याचा. आत नुसती तांब्याची तार असेल, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, तर ती वायर ठिणगीगणिक रेडिओसारखा कचरा आवाज हवेत फेकते, एफएम खरखरतो ते सोडा, क्रँक सेन्सरच्या आणि ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) सिग्नलमध्येही तो घुसतो आणि असले झटके सुरू होतात की कोणाला कारण सापडत नाही. दुकानातच मल्टिमीटर लावा, शून्याच्या आसपास आकडा दाखवला तर परत द्या. एकतर कार्बन कोअर घ्या, नाहीतर बारीक तार गुंडाळलेली रेझिस्टन्सवाली, दुसरी जास्त टिकते.

बाहेरचं कव्हर सिलिकॉनचं असू दे, उष्णता सहन करतं. पण सिलिकॉन मऊ असतं, धारदार कडेवर घासलं की चिरतं, म्हणून क्लिपा जागेवर पाहिजेतच. आणि उंदीर. नवी मुंबईत पोडियम पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी माझ्याकडे पावसाळ्यात सतत येतात, त्याला कुठलीच कंपनी पुरी पडत नाही, रोज गाडी हलवणं आणि बॉनेटखाली पालापाचोळा न साठू देणं एवढंच हातात आहे. कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून कॉइलपॅक एकवेळ घ्या, वायरी अजिबात नको, रबराचं वय कपाटात पडूनही वाढतं. नव्या बॉक्सवरही बनवल्याची तारीख बघा, जुन्या मॉडेलचा माल दुकानात वर्षानुवर्षं पडून असतो.

डुप्लिकेट प्लगचा सुळसुळाट आहे, तो ओळखायच्या माझ्या खुणा. वॉशर बोटाने सहज निघून हातात आलं तर संशय घ्या. मधलं टोक आणि पट्टी समोरासमोर नीट मधोमध नसेल, आटे खरखरीत असतील, छपाई नखाने खरवडली की उडत असेल, तर ठेवून द्या. आणि नंबरमध्ये आर असेल तर वरच्या टर्मिनलपासून मधल्या टोकापर्यंत साधारण पाच किलोओहम आलं पाहिजे, थोडं इकडेतिकडे चालेल. सरळ शून्य आलं तर आत रेझिस्टरच नाही. नेहमीच्या दुकानदाराला हे तपासताना वाईट वाटत नाही, ज्याला वाटतं त्याच्याकडून घेऊच नका.

गॅप १.१ मिमी हा पेट्रोलचा. सीएनजीवर जास्त चालणाऱ्या तुमच्यासारख्या गाडीला मी ०.८ ते ०.९ ठेवतो, व्होल्टेजची मागणी कमी होते आणि चढाला फरक लगेच कळतो. फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांनी) मोजा, पट्टी अगदी हलक्या हाताने वाकवा, मधल्या टोकाला कशाचाही धक्का नको. साधे प्लग पेट्रोलवर वीस-तीस हजार किलोमीटर काढतात, सीएनजीवर मी दहा-पंधरा हजाराला काढून गॅप बघायला सांगतो.

बसवताना इंजिन थंड पाहिजे. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम हेडमधून प्लग ओढला की आटे बरोबर येतात आणि मग तुमचा अख्खा दिवस गेला. काढायच्या आधी प्लगभोवतीची धूळ हवा मारून साफ करा, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलेलं दिसलं तर आधी व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग आणि सील बदला, तेलात भिजून टोपीचं रबर फुगतं आणि नवा सेटही वाया जातो. नवा प्लग आधी हातानेच फिरवत न्या, पान्याला दांडा नाही लावायचा, वॉशर टेकेपर्यंत. मग पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत, टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, आट्यांवर कंपनीचं प्लेटिंग असतं, वंगण लागलं की त्याच आकड्याला प्लग जास्त आवळला जातो. डायलेक्ट्रिक ग्रीस मात्र टोपीच्या तोंडाला आतून बोटाने पातळसं जरूर लावा, पावसाळ्यात ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी टोपी चिकटून फाटत नाही.

वायरी एकावेळी एकच बदला, जुन्याशेजारी नवी धरून लांबी जुळवून, म्हणजे क्रम चुकायचा प्रश्नच येत नाही. ओढायची टोपीला धरून, वायरीला नाही. टोपी बसली की टक असा आवाज किंवा झटका हाताला लागतो, तो लागला नाही तर ती बसलेली नाही. सगळं झालं की इंजिन ते बॉडी जाणारी अर्थची पट्टी पण उघडून घासून घ्या, इंजिनवरच्या बाकी वायरिंगचा करंट परत यायचा रस्ता तोच आहे आणि वीस वर्षांत तिला कोणी हात लावलेला नसतो. आणि सर्व्हिसिंगला गाडी दिलीत तर इंजिनवर प्रेशरने पाणी मारू देऊ नका, सांगून ठेवा, आम्हा गॅरेजवाल्यांचीच पोरं उत्साहात मारतात.

एवढं करून मुंब्रा बायपासवर परत घेऊन जा, सीएनजीवर, तिसऱ्या गिअरमध्ये, त्याच चढाला. तरीही झटका आलाच तर मग प्लग-वायरीचा विषय सोडा, किटचा गॅस फिल्टर आणि रेग्युलेटर बघायची वेळ आली, आणि जाताना एअर फिल्टर बदलून जा, बाहेरून बसवलेल्या किटला तुंबलेला एअर फिल्टर अजिबात चालत नाही. जुन्या चारांतली जी वायर मीटरला आणि फवाऱ्याला दोन्हीला पास झाली आणि त्यातल्या त्यात लांब आहे ती एक, आणि एक जुना प्लग, डिकीत टाकून ठेवा.